चारशे चौदावा फोटो

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले. बस दोनदा बंद पडली, पण वाटेत एकदाही मळमळलं नाही, हे आधी लिहून ठेवते. मी ओकणार अशी माझ्या लेकीने, पिटूने पैज लावली होती. हरली.

घर बघून बरं वाटलं. खाली स्टुडिओ, वर राहायच्या खोल्या. रस्त्याकडच्या काचेमागे फोटो मांडलेत, सगळे माणसांचे, आणि काच लखलखीत पुसलेली. मला मागची खोली दिली आहे. मोठं टेबल, सरळ पाठीची खुर्ची, खिडकीखाली अंगण. अंगणात चूल, चुलीवर झाकलेलं पातेलं. बरोबर आणलेला स्कॅनर टेबलावर बसला, शेजारी लॅपटॉप, तरी चहाच्या कपाला जागा उरली. अशी टेबलं हल्ली मिळत नाहीत.

फोटोग्राफर पंचाहत्तरीचे असावेत. गाव त्यांना दादा म्हणतं. मीही दुसऱ्या वाक्याला दादाच म्हणायला लागले. घर सांभाळते त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्कांनी दारातच मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावाला म्हणाल्या, ही एवढीशी पोरगी काय डोंबलाची वेबसाइट करणार. मग जेवताना न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

काम सरळ आहे. चारशे तेरा फोटो, सगळे याच गावातल्या माणसांचे. कागदावरच्या प्रती स्कॅन करायच्या, साइट उभी करायची, एकविसाव्या तारखेला खुली करायची. दादांची अट एकच: माझा एकही फोटो कडेने कापायचा नाही. मी मान डोलावली. कडांवर सगळ्याच फोटोग्राफरांचा जीव असतो.

सकाळी नऊ ते अकरा इथे वीज नसते. तिच्याबरोबर फोन आणि इंटरनेटही जातं. रोज. अक्का म्हणाल्या, तेवढ्या वेळात माणसाने आंघोळ करावी.

आईशी बोलले, पिटूला तिच्याकडेच ठेवलं आहे. पिटूला काल धाप लागली नाही. यंदा दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं, त्यामुळे फोन लावला की आधी तेच विचारते. निघताना तिने नुकताच पडलेला दात काडेपेटीत घालून माझ्या हातात दिला होता. नीट ठेव, आल्यावर परत मागणार आहे, असं बजावलं. काडेपेटी उशीजवळच्या खणात ठेवली.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

वासाचं मूळ सापडलं. काल जिन्यात एक गोडसर, भिजल्या जनावराचा वास येत होता. तो फोटोंचा आहे. खाली रुंद, उथळ खणांचं कपाट आहे. प्रत्येक खणात तेलकट कागदांच्या घडीत एकेक फोटो. हाताला सगळे ओलसर लागतात.

दादा दुकानातला कागद वापरत नाहीत. लेप स्वतः बनवतात, सरसाचा. सरस कातडं नि हाडं उकळून काढतात. मी जरा तोंड वाकडं केलं असावं, कारण ते हसले आणि म्हणाले, जगातला प्रत्येक जुना फोटो सरसावरच उभा आहे, तुझ्या आजीचासुद्धा. दुपारी शोधून बघितलं. खरं आहे.

साइटचा सांगाडा उभा केला. खरे फोटो येईपर्यंत मोकळ्या चौकटी भरायला मी कायम एकच फोटो वापरते: पिटू स्टुलावर उभी, दोन्ही हात डोक्यावर उंच, पुढचा दात हलत असलेली. माझी प्रत्येक साइट आधी चाळीस पिटूंची असते. दादा मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर वाकून बघितलं. मुलगी कुणाची, विचारलं. सांगितलं. मग नको तेवढं सांगत बसले: तिचा दमा, धाप लागली की ती गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी त्यावर टेकवून बसते ते, तेव्हा ती केवढीशी होते ते. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, मुलं फार पटकन निसटतात.

त्यांना कुणाची आठवण झाली ते विचारलं नाही.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

साठ फोटो झाले. फोटो चांगले आहेत, हे म्हणायलाच हवं. साधी माणसं, वरून पडणारा सकाळचा उजेड. सगळे फोटो सकाळी दहालाच काढलेत, दादा दुसऱ्या उजेडात काढतच नाहीत. बेकरीवाला, औषधांच्या दुकानातली बाई, शाळेतली मास्तरीण, चाव्या बनवणारा. रस्त्यावर भेटतात तेव्हा ओळखू येतात. अगदी तशीच दिसतात, एक दिवससुद्धा मोठी झालेली नाहीत. फोटो ताजे असतील म्हटलं. मागे तारखा आहेत. वाचल्या नाहीत.

त्रास एकच. प्रत्येक फोटो उचलला की स्कॅनरच्या काचेवर पापुद्रा राहतो, दुधावरच्या सायीसारखा. फडक्याने पुसला की गोळा होतो. आज त्यात एक केस होता. फोटोत केस अडकतातच. पण हा गोळ्यात अडकलेला नव्हता, उगवलेला होता. ओढल्यावर मुळासकट आला.

हात तीनदा धुतले. जेवायला सूप होतं. त्याच्यावर तसाच तवंग. अक्का म्हणाल्या, शहरातल्या लोकांना अन्नात अन्न दिसलं की भीती वाटते.


शनिवार, ८ नोव्हेंबर

दादांची अट मोडली आहे. इथे कबूल करते, त्यांच्यापुढे अजून नाही.

पहिल्या पानावर सगळे फोटो छोटे दिसायला हवेत, आणि एक उभा, एक आडवा असं घातलं की पान दात पडल्या तोंडासारखं दिसतं. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चेहरा शोधतो, चेहऱ्याभोवती चौकोन धरतो आणि बाकीचं टाकून देतो. हात, पाय, खुर्ची, सगळं. पान एकदम देखणं झालं. शेवटच्या दिवशी दाखवीन. देखणं दिसलं की फोटोग्राफर विरघळतात.

अक्कांना स्कॅनर शिकवला, पुढे नवे फोटो त्यांनाच चढवायला लागतील म्हणून. फोल्डरमध्ये जे टाकाल ते आपोआप सर्व्हरवर जाईल, एवढंच सांगितलं. सर्व्हर म्हणजे काय, विचारलं त्यांनी. म्हटलं, लांब कुठेतरी एक मशीन आहे, ते कधी झोपत नाही. अक्का म्हणाल्या, मग तुझी नि त्याची छान गट्टी जमत असणार. एका फेरीत शिकल्या. बटण बोटाच्या पेराने दाबतात. बोटांच्या टोकांना कातडी जवळजवळ नाहीच, गुलाबी, चकचकीत.

पिटूला खोकला आहे.


सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी, वीज नसताना, खिडकीत उभी होते. अंगणात बाकावर माणसं बसली होती. बेकरीवाला, औषधवाली, आणखी चारपाच. सगळ्यांचे पाय उघडे. अक्का समोर पाटावर बसून एकेकाची टाच मांडीवर घेत होत्या आणि पातीने खरवडत होत्या. खरवड डब्यात पडत होती. मग नखं. प्रत्येकाचा डबा वेगळा, वर आकडा. लोक आरामात गप्पा मारत होते, केस कापायला बसल्यासारखे. बेकरीवाला म्हणत होता, माझी टाच जरा जपून, पाव तिच्यावर उभा आहे.

मग अक्कांनी एक डबा पातेल्यात उपडा केला आणि ढवळायला घेतलं.

खाली गेले. विचारलं. अक्कांनी पळी न थांबवता सांगितलं की ज्याचा फोटो त्याचाच सरस लागतो, दुसऱ्याचा धरत नाही. महिन्यातून एकदा नवा लेप, नाहीतर फोटो सुकतो. औषधवाली मोजे चढवत म्हणाली, तुमच्याकडे नखं कचऱ्यात टाकतात म्हणे, काय ही उधळपट्टी.

या माणसांच्या टाचा गेले आठवडाभर माझ्या काचेवर पडतायत. ती साय.

वर येऊन ओकले. पिटू जिंकली.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

जायचं ठरवलं होतं. दुपारपर्यंत राग ओसरला. लोक कशाकशावर विश्वास ठेवतात, त्यात माझं काय गेलं. दहा दिवस राहिलेत. हातमोजे विकत घेतले. औषधवालीनेच विकले, हसू दाबत.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

चाचणी म्हणून एक फोटो साइटवर खुला केला, जगाला दिसेल असा. बेकरीवाल्याचा घेतला, कारण तो मुळातच चौकोनी आहे, नुसता चेहरा. चढवण्याआधी त्याच्या गालावरची चामखीळ पुसली. ठरवून नाही. हाताची सवय आहे. डाग दिसला की हात आपोआप जातो.

व्यवस्थित उघडला. दादांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

पिटूला धाप लागली होती. आईने वाफ दिली. आता झोपली आहे. मी इथे दुसऱ्यांच्या चामखिळी पुसत बसले आहे.


शनिवार, १५ नोव्हेंबर

काल सकाळी स्कॅनरचं झाकण उघडलं तर काचेवर मधोमध काहीतरी होतं. वाटाण्याएवढं. मातकट, मऊ, खालून ओलं. वर तीन केस. हातमोज्याने उचललं तर दबलं आणि परत फुगलं. कोमट होतं.

कागदात गुंडाळून खिडकीतून फेकलं. मग बेकरीत गेले. पाव हवा होता असं स्वतःला सांगितलं.

बेकरीवाला खुशीत होता. चामखीळ गेली. झोपेत गेली, उशीवरसुद्धा सापडली नाही, चाळीस वर्षं न्हावी मागे लागला होता तो आता काय बोलणार, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. मला गाल जवळून बघायला लावला. जखम नाही. खूण नाही. तिथे दाढीचे खुंटही नाहीत, छिद्रंही नाहीत. एवढ्याच जागी रबराने खोडल्यासारखी कातडी. मी ज्या ब्रशने पुसलं त्याच्या आकाराएवढी. गोल.

त्याने पावाचे पैसे घेतले नाहीत.

पाव कोपऱ्यात ठेवला आहे. खाववत नाही.


रविवार, १६ नोव्हेंबर

आईचा फोन. पिटू शुक्रवारपासून एकदाही खोकली नाही. आई दोनदा सांगत होती, एकदाही. फक्त घाम फार येतोय, तळवे चिकट झालेत. हवामान असेल, आई म्हणाली.

बरं वाटलं. आज दुसरं काही लिहीत नाही.


सोमवार, १७ नोव्हेंबर

दादा फोटोंची दाढी करतात.

लिहून पुन्हा वाचलं. बरोबर लिहिलं आहे.

खण उघडे होते. चावीवाल्याचा फोटो टेबलावर उताणा, आणि दादा वस्तऱ्याने त्याच्या गालावरून हलक्या हाताने खुंट काढत होते. पाण्याच्या वाटीत काळी भुकटी. शेजारी अक्का मास्तरणीच्या फोटोतली नखं कापत होत्या. फोटोतली. आवाज येत होता, कट, कट. मग ओल्या कापसाने तिचं नाक पुसलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. दादांनी हातातलं काम संपवलं आणि शांतपणे सांगितलं. ज्याचा सरस त्याचा फोटो, आणि असा फोटो ओला राहिला की माणूस राहतो. चारशे तेरांपैकी एकही गेलेला नाही. बेकरीवाला एकशे सहाचा आहे. तू पुसलीस ती चामखीळ मात्र परत यायची नाही. फोटोतून जे जातं ते गेलंच. रागावले नाहीत. म्हणाले, म्हणूनच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कडेने कापायचं नाही.

माझा चौकोन. शुक्रवारी जगाला दिसेल, तोवर कुणाचं काही गेलेलं नाही. धावत वर आले. देवाशपथ, आयुष्यात एवढ्या भराभर टाइप केलं नव्हतं. प्रोग्राम काढूनच टाकला तर पहिलं पान कोसळतं, पुन्हा बांधायला चार दिवस. म्हणून एक ओळ घातली: क्रमांक एक ते चारशे तेरा, अख्खे ठेव. प्रत्येक फोटो उघडून तपासला. हात आहेत, पाय आहेत, खुर्च्या आहेत. तीन तास गेले.

शुक्रवारी दहाला साइट खुली व्हायला हवी, हा दादांचा हट्ट आहे. त्यांचा उजेड दहाचा. तेव्हा इथे वीज नसते, म्हटलं. ते म्हणाले, इथे नसेल, जगात असेल. वेळ लावून दिली. दहाच्या ठोक्याला तो लांबचा सर्व्हर छोटे फोटो तयार करून पान उघडेल. आम्हाला अकराला दिसेल.

साडेअकराची बस पकडून मी निघेन.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

काडेपेटी खणात आहे. रिकामी.

अक्का रोज खोली झाडतात.


बुधवार, १९ नोव्हेंबर

शेवटच्या खणात मिळाली. पिटू.

माझ्याच लॅपटॉपवरून घेतलेली, उंच अरुंद कागदावर. स्टुलावर उभी, दोन्ही हात वर. ओली. पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. माझ्या फोटोत तिचा पुढचा दात हलता आहे. या फोटोत तो पडलेला आहे. हिरडीतून नव्याचं पांढरं टोक दिसतंय.

मी अक्कांच्या अंगावर धावून गेले. हातात काय होतं आठवत नाही. अक्का पातेल्याशी बसल्या होत्या, हलल्या नाहीत. म्हणाल्या, एवढासा दात, दोन दिवस विरघळेना, मी कुणाला सांगितलं नाही पण शेवटी चावून दिला. मग म्हणाल्या, गुरुवारी लेप दिला. शुक्रवारपासून पोरगी खोकली का, ते सांग.

हातातलं खाली ठेवलं.

आईला फोन केला. पिटू अंगणात धावत होती. धावत. आई रडत होती. मागून ओरडणं ऐकू आलं, आई, मी तीन फेऱ्या मारल्या. आई म्हणाली, अंगाला जरा वास येतोय गं, ओल्या कागदासारखा, केस उशीला चिकटतात, पण श्वास बघ, श्वास.

ओकारी आली आणि मी म्हटलं, राहू दे वास.


गुरुवार, २० नोव्हेंबर

फोटो मला देणार आहेत. दादा म्हणाले, तुझी आहे, तू ने. तेलकट कागदात ठेवायची, कोपरासुद्धा दुमडायचा नाही. लेप दर महिन्याला. तिची नखं, तिची टाच. नाही पुरलं तर रक्ताच्या माणसाची चालते.

एका दाताचा लेप कितीसा पुरणार, दुपारी कड सुकायला लागली होती. बाकावर बसले. मोजा काढला. अक्कांनी माझी टाच मांडीवर घेतली. पात गार होती. पहिल्यांदा दुखत नाही, नंतर दुखतं. खरवड माझी मीच पातेल्यात टाकली आणि ढवळली. वास नाकातून जात नाही. जिभेवर बसला आहे. औषधवाली बाकाच्या टोकाला होती, तिने सरकून जागा दिली. आता आमच्यातली झालीस, म्हणाली.

लेप दिला. बोटांनी. पिटूच्या गालावरून, हातांवरून, पायांवरून. तिच्या कपाळाला ताप बघतो तसा हात लावला. कोमट.

मला माझी किळस येते. पण ती श्वास घेते.

अक्कांनी संध्याकाळी कौतुकाने सांगितलं की तू शिकवलंस तसं मीच तिला काचेवर ठेवून फोल्डरमध्ये टाकली. माझ्या हातची पहिलीच. मी त्यांचे हात धरले. रडले. त्या म्हणाल्या, पुरे, नाक पूस.

बॅग भरली.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

९.२०
वीज नवालाच गेली. खाली माणसं जमतायत. बेकरीवाल्याने पावांची टोपली आणली आहे. दादांनी कोट घातला आहे. बॅग दारात आहे, फोटो मात्र तिच्यात मावत नाही, फार उंच आहे. अक्का पुठ्ठा शोधायला गेल्या आहेत. जाता जाता म्हणाल्या, बघ हं, एक कोपरासुद्धा नाही, औषधवालीच्या नवऱ्याचा कोपरा फाटला होता तेव्हा—

९.३१
एक ते चारशे तेरा अख्खे ठेव.

पिटू चारशे चौदा आहे.

९.४०
लॅपटॉप चालू आहे, लाइन नाही. फोन नाही. रस्त्यावर गेले, औषधांचं दुकान, शाळा, बेकरी, कुणाकडेच नाही, नसतेच, रोज नसते. पुढचं गाव गाडीने पाऊण तास. गाडी कुणाकडे नाही. सर्व्हर झोपत नाही. मीच सांगितलं होतं.

एक ओळ. प्रोग्राम बंद करायचा होता, मी यादी केली. चार दिवस वाचवले.

९.४६
दादांना सांगितलं. त्यांनी विचारलं, काय उरेल. म्हटलं, चेहरा. खांद्यापर्यंत. ते खुर्चीवर बसले. अक्का पुठ्ठा घेऊन उभ्याच. कुणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं.

खाली कुणीतरी हाक मारतंय, वेबसाइटवाल्या बाई, या ना खाली.

९.५१
दार लावून घेतलं. फोटो टेबलावर आहे, स्कॅनरशेजारी. लिहिते आहे कारण दुसरा हात तिच्यावर आहे आणि हा मोकळा राहिला की फोटोच्या कडा चाचपत राहतो.

नखं वाढतात. दात उगवतो. म्हणजे आत ती हलते. हळू, पण हलते.

चौकोन चेहऱ्याभोवती असतो. चौकोनात जे मावेल ते राहील.

९.५४
तिच्या कानाशी तोंड नेलं. लेप ओठांना लागला. गोड आहे. सांगितलं, पिटू, हात खाली घे. खाली बस. धाप लागल्यावर बसतेस ना तशी बस. गुडघे पोटाशी. हनुवटी गुडघ्यावर. लहान हो. जेवढी होता येईल तेवढी लहान हो.

पुन्हा सांगते आहे.

९.५७
उजवा हात. आधी वर होता. आता कानाशी आहे. मी बघत होते तरी हलताना दिसला नाही.

शहाणी माझी. अजून. पाय वर घे, स्टूल सोड, पडणार नाहीस, मी धरलंय

९.५९
उजवा हात गालाशी. गुडघा वाकतोय. एक. डावा हात वरच आहे गं. डावा. पिटू डावा हात

खाली टाळ्या वाजवतायत

वीज नाहीये. स्कॅनरचा दिवा लागला. काचेखालून सरकतोय, एका कडेकडून दुसऱ्या

झाकण आतून वर उचललं जातंय, थोडंसंच, एवढ्याशा बोटां—